बोटभर उदबत्तीपुरती गाडी

माझ्या नवऱ्याइतका भित्रा माणूस नागपूरच्या अख्ख्या बेसा-बेलतरोडीत शोधून सापडणार नाही. हे मी पाठीमागे बोलत नाही. त्यांच्या तोंडावर कितीदा तरी बोलले आहे, आणि त्यांनी ते कधी नाकारलेलंही नाही. "मी भेतो म्हणूनच तर घरी वापस येतो," एवढंच म्हणतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात.

वामनराव भोयर त्यांचं नाव. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. एवढ्या नोकरीत एकही कागद त्यांनी पुन्हा वाचल्याशिवाय पुढे सरकवला नाही. रात्री गॅसची कळ स्वतः बंद करतात आणि मग मला पाहायला पाठवतात. उन्हाळ्यात आमच्याकडे लू लागू नये म्हणून बरेच जण खिशात कांदा ठेवतात, हे दोन्ही खिशांत ठेवतात. संक्रांतीच्या दिवसांत पतंगीच्या मांज्याने गळे कापतात म्हणून स्कूटरवाले गळ्याला मफलर गुंडाळतात, ते मी समजू शकते. पण आमचे हे कोपऱ्यावरून पायी दूध आणायला जातानाही मफलर गुंडाळतात, आणि तोही माझाच.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर गाडी घेतली तेव्हा मी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, माझी स्कूटी आहे, रिक्षा आहेत, आता तर फोनवर गाडी येते, तुम्हाला रस्ता ओलांडायची भीती, मग ही चार चाकं कशाला? तर म्हणाले, "दारात गाडी पायजे." का पायजे, ते काही सांगितलं नाही. शिकवणीवाल्याकडे जाऊन चालवायला शिकले, परवाना काढला, आणि गाडी पोर्चमध्ये आणून तिच्यावर खोळ घातली. वर्षाकाठी एकदा रामटेक, एकदा कोराडी. बाकी ती उभी.

नाही म्हणायला एक नेम होता. सकाळी देवपूजा झाली की देवापुढची उदबत्ती संपत यायची. तिचं उरलेलं बोटभर टोक घेऊन हे बाहेर यायचे, खोळ काढायचे, ते टोक गाडीला ओवाळून वायपरच्या फटीत खोचायचे आणि गाडी सुरू करायचे. ती बोटभर उदबत्ती जळेपर्यंत हे मान तिरपी करून इंजिनाचा आवाज ऐकत बसायचे. उदबत्ती विझली की गाडी बंद, पुन्हा खोळ. उन्हाळा असो की थंडी, ताप असला तरी अंगावर चादर घेऊन. मी चिडवायची, "अवो, तुमच्या गाडीचं अॅव्हरेज काय? एका पुड्यात किती जाते?" ते हसायचेही नाहीत. मला वाटायचं, निवृत्त माणसाला काहीतरी नाद लागतोच, हा त्यातल्या त्यात स्वस्त.

मग उन्नती आली.

उन्नती आमची एकुलती एक. चाकणला गाड्यांच्या कंपनीत इंजिनांची तपासणी करते. नवरा प्रीतम पुण्यातच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत, आणि तिलाही यायचंच होतं. इथे आल्यावर धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी सोनोग्राफी पाहिली, आणखी एकदा पाहिली, आणि आम्हा तिघांना समोर बसवून शांतपणे सांगितलं. गर्भाशयातली वार खाली आली आहे, बाळाच्या वाटेवरच. दुखणार नाही, खुपणार नाही, पण रक्त जायला लागलं तर एकदम जाईल. त्या वेळी कोणाला फोन करत बसायचं नाही, उजाडायची वाट पाहायची नाही, असाल तसे उठून यायचं. दोन्ही जीव त्यावर आहेत, असं त्या म्हणाल्या. मी मान हलवली. हे खुर्चीच्या हातांना धरून बसले होते, आणि उठायची वेळ आली तेव्हा त्यांना उठताच येईना.

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली. पूर्वी ती एकट्या ह्यांची होती, आता सगळ्यांची झाली. उन्नती बाथरूममध्ये जरा रेंगाळली की आम्ही दोघं दाराबाहेर. ती झोपेत कुशीवर वळली तरी मी उठून बसायची. अँब्युलन्सचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला होता, पण ती येईपर्यंतच्या वेळाचं काय, हे कोणी सांगू शकत नव्हतं. फोनवरच्या गाड्या बेसा भागात कधी लगेच येतात, कधी कबूल होऊन मागे फिरतात. शेजारच्या मार्तंडरावांकडे गाडी आहे, पण ते दिवसभर बुटीबोरीच्या कारखान्यात. राहता राहिली आमची, खोळीतली.

ह्यांनी तालमी सुरू केल्या. मला मागच्या सीटवर आडवं पडायला लावलं. "तू उन्नती आहे असं समज," म्हणाले, "कुठं गचका बसते ते सांगत जा." मी तोंडाला येईल ते बोलले, पण झोपले. बेसा, मानेवाडा चौक, तुकडोजी पुतळा, अजनीचा पूल, धंतोली. एवढाच तर रस्ता, पण ह्यांच्या हाताला घाम सुटून स्टिअरिंग ओलं झालेलं मी मागून पाहत होते.

तुकडोजी पुतळ्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला. ह्यांनी ब्रेक लावला. गाडी आधी थरथरली, थंडीतल्या म्हशीसारखी, आणि बंद पडली. समोर एक पिवळा दिवा लागून राहिला. हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, हे चावी फिरवत राहिले. कशीबशी लागली, म्हणजे एकदाची सुरू झाली. चालू रस्त्याला बरी जायची. पण अजनीच्या पुलावर गर्दीत थांबायची वेळ आली आणि ती पुन्हा मेली, पुलाच्या ऐन मधोमध. पुढे रस्ता नाही, मागे रस्ता नाही, खालून रेल्वे चाललेली. मी मागच्या सीटवर उताणी, वर आभाळ दिसत होतं, आणि माझ्या मनात एकदम आलं की माझ्या जागी खरंच उन्नती असती तर. तेव्हापासून मी गाडीवरून थट्टा करणं बंद केलं.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने प्लग साफ करून दिले. गाडी तशीच. मोठ्या वर्कशॉपमध्ये फोन केला तर ते म्हणाले, गाडी ठेवून जा, तपासून कळवू. ह्यांनी फोन ठेवला. "ठेवून जा म्हणते! अन् त्याच दिवशी लागलं त मंग?" तोच पेच होता. गाडीवर भरवसा नाही, आणि गाडी दारातून हलवायची हिंमत नाही.

शेवटी उन्नतीच म्हणाली, "मले पोर्चमधी खुर्ची टाकून द्या."

तिला उठबस मना होती. मी उशा लावून तिला खुर्चीत बसवलं. तिच्या बॅगेत काडेपेटीएवढं एक यंत्र होतं. ते ह्यांनी स्टिअरिंगखाली तिने सांगितलेल्या जागी खोचलं, आणि गाडीच्या पोटातलं दुखणं तिच्या फोनवर उमटलं. ती बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "बाबा, इंजिनवर ऑइल टाकाचं झाकण असते ना, थे उघडा. उलटं करून दाखवा मले."

झाकणाच्या आतल्या बाजूला मळकट पांढरा लगदा थापलेला होता. ताकावर लोणी यावं तसा, पण बघवत नव्हता.

"रोज सुरू करून लगेच बंद करत होते ना तुम्ही?"

"रोज," हे अभिमानाने म्हणाले. "एक दिवस चुकला नाही."

"थेच तर झालं!" उन्नतीचा आवाज चढला. "इंजिन तापतच नाही, बाबा. आतमधी वाफेचं पाणी धरते, गाडी पळाली त थे उडून जाते. तुम्ही पळवलीच नाही. थे पाणी ऑइलमधी राहून राहून त्याचा चिखल झाला, अन् थो चिखल सोलेनॉइडमधी जाऊन बसला."

मला तिने समजावून सांगितलं ते असं. इंजिनात झडपा असतात, त्या सारख्या उघडतात आणि मिटतात. गाडी पळताना त्या जरा लवकर उघडाव्या लागतात, उभी असताना जरा सावकाश. ही वेळ मागेपुढे करायचं काम ऑइलच्या दाबाने होतं. ते ऑइल कधी सोडायचं आणि कधी अडवायचं, ते पाहणारा अंगठ्याएवढा एक तुकडा असतो. त्याचं नाव व्हीव्हीटी सोलेनॉइड. आमचा पळतीच्या जागीच चिकटून बसला होता. म्हणून गाडी पळताना ठीक, आणि उभी राहिली की तिचा श्वास कोंडायचा.

"कोणं सांगतलं होतं तुम्हाले हे रोज सुरू कराले?" उन्नती अजून चिडलेलीच होती. "नुसती उभी ठेवली असती तरी परवडलं असतं. काहून करत होते?"

हे ते झाकण हातात धरून उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, मी भेतो म्हणून. पण ते पोर्चच्या पायरीवर बसले आणि इंजिनाकडे पाहतच बोलले.

"माही माय बाळंतपणात गेली, थे तुम्हाले मालूम आहे. कशी गेली थे मी नाही सांगतलं कधी. घरीच रक्त जाऊन राहिलं होतं. सुईण म्हणे नागपूरले न्या. गावात एकच जीप होती, पाटलाची. मायले बाजेवर टाकून जीपपाशी आणलं, जीपमधी ठेवलं, अन् जीप लागलीच नाही. लई दिवसांची उभी होती. माह्या बापानं हँडल मारून मारून हाताची सालटं काढली. मी जीपच्या दारापाशी उभा होतो. माय म्हणे, लागली का रे? मी म्हणो, लागते आता, माय. लागते आता." त्यांनी ते झाकण बोटांत फिरवलं. "म्हणून मी रोज पाहत होतो, बेटा. लागते का नाही."

इतका संसार केला मी ह्यांच्याबरोबर, आणि जीपचं मला माहीत नव्हतं. सासू बाळंतपणात गेली, एवढंच ऐकून होते. बोटभर उदबत्तीवरून मी केलेली प्रत्येक थट्टा मला तिथे उभ्या उभ्या आठवली. आणि मग ध्यानात आलं, की ज्या दिवसासाठी हा माणूस रोज गाडी जपत होता, त्याच दिवसासाठी त्याने ती स्वतःच्या हाताने बिघडवून ठेवली होती.

उन्नतीने डोळे पुसले. तिचा स्वभाव माझ्यावर गेला आहे, रडून झालं की लगेच कामाला लागते. "ऑइल आजच बदला," ती म्हणाली, "थे होईपर्यंत गाडीपाशीच उभे राहा. सोलेनॉइड प्रीतम पाठवते तिकडून. एक बोल्ट अन् एक पिन आहे नुसती. तुम्हीच बसवान, इथंच. मी सांगते."

"मी?" हे म्हणाले. फ्यूज बदलायलासुद्धा हे माणूस बोलावतात.

"मले वाकता येत असतं त मीच केलं असतं."

ऑइल बदललं. नवं ऑइल मधासारखं दिसत होतं, तरी गाडी सिग्नलला मरायची ती मरतच होती. प्रीतमने तो तुकडा पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये टाकला, आणि हे बस यायच्या कितीतरी आधीपासून मफलर गुंडाळून थांब्यावर उभे. रविवारी मार्तंडराव घरी होते. त्यांना सांगून त्यांची गाडी आमच्या फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून लावून घेतली. कारण आमची उघडी पडलेली असताना उन्नतीला काही झालं तर, हा विचार ह्यांना आधी आला आणि मग मलाही सोडेना.

बॅटरीची तार काढली. उन्नती खुर्चीतून सांगत होती, मी मधे उभी राहून टॉर्च धरत होते. पिनेची खिट्टी दाबून ओढायची होती. हे ओढत नव्हते, नुसते धरून होते. "तुटली त?" "तुटत नाही, बाबा. दाबा अन् ओढा." कट्ट आवाज झाला आणि ह्यांनी डोळे मिटले. पिन निघाली होती. मग दहा नंबरचा पाना. बोल्ट सैल झाला, तो ह्यांच्या बोटातून निसटून खाली जाऊ नये म्हणून मी खाली उन्नतीची ओढणी पसरून धरली. सोलेनॉइड जागचा हलेना. "गोल फिरवत फिरवत वर घ्या." तो चिकटत चिकटत वर आला, काळ्या ऑइलने माखलेला, जाळीवर तोच पांढरा चिखल.

तेवढ्यात उन्नतीने "आई गं" केलं.

ह्यांच्या हातातला पाना पडला. मी टॉर्च टाकून तिच्याकडे धावले. तिने पोटावर हात धरला होता. "काही नाही. लाथ मारली," ती म्हणाली, "काम करा तुमचं." मी टॉर्च उचलून परत आले. ह्यांच्या कपाळावरचा घाम मी पदराने पुसला, एखाद्या सर्जनचा पुसावा तसा. एरवी मला हसू आलं असतं.

"बाबा, जुन्यावर रबराची रिंग आहे का पाहा."

नव्या तुकड्याला काळी रिंग होती. जुन्याला नव्हती. ती आतच राहिली होती, इंजिनाच्या भोकात, कडेला चिकटून. उन्नतीने हातातला फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, तशीच ठेवून नवा बसवला तर ऑइल गळून जाईल, आणि काढताना आत पडली तर इंजिन खोलावं लागेल. म्हणजे गाडी गेली. बाळ होईपर्यंत तरी गेली.

चिमटा आत जाईना. हे माझ्याकडे वळले. "शोभा, तुही थे दोऱ्याची सुई आहे ना, वाकड्या टोकाची?" मी धावत जाऊन क्रोशाची सुई आणली. बाळाच्या टोपऱ्यासाठी काढून ठेवलेलीच होती. ह्यांनी ती भोकात घातली. हात इतका थरथरत होता की सुई कडेला लागून टकटक वाजत होती. एकदा रिंग वर आली आणि पुन्हा घसरली. ह्यांनी हात बाहेर काढला, पँटला पुसला, आणि कोणाला तरी ऐकू जावं इतपतच पुटपुटले, "लागते आता." मग पुन्हा सुई घातली. या वेळी हात थरथरला नाही. रिंग आकड्यात अडकून बाहेर आली. मी ती मुठीत गच्च धरली, जणू पळून जाणार होती.

नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावलं, तुकडा बसवला, बोल्ट आवळला. "बस, बाबा. जास्त नका आवळू." ह्यांना ते पटत नव्हतं, तरी पाना ठेवला. बॅटरी जोडली, चावी फिरवली. गाडी लागली आणि उभ्या जागी नुसती गुणगुणत राहिली. थरथर नाही. पिवळा दिवा उन्नतीने फोनवरून घालवला, तो परत आला नाही. हे एकटेच अजनीच्या पुलापर्यंत जाऊन आले. "बंद पडली?" मी विचारलं. "नाही पडली." "मग?" "एकडाव नाही पडली त काय झालं," ते म्हणाले. त्या रात्रीही चावी उशाखालीच होती.

दोनच दिवसांनी, सकाळची कामं आटोपून मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. उन्नतीने बाथरूममधून हाक मारली. ओरडली नाही, नुसतं "आई" म्हणाली. आत गेले तर फरशी लाल झाली होती.

मी, जी जन्मभर ह्यांना भित्रा म्हणत आले, ती दाराला धरून उभी राहिले. मागून हे आले. त्यांनी पाहिलं. उन्नतीला उचललं. त्यांना इतकी ताकद आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी फाइल शोधायला वळले, तर म्हणाले, "गाडीत आहे." टॉवेल गाडीत होते, उशी गाडीत होती, पाण्याची बाटली होती. कधी ठेवलं होतं कोण जाणे. चावी फिरवली, गाडी लागली.

मी मागे उन्नतीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिचे ओठ पांढरे पडत होते. ती डोळे मिटायला लागली की मी तिच्या गालावर थापटायची. तुकडोजी पुतळ्याला लाल दिवा. गाडी थांबली, आणि मला थरथर जाणवली, खालून, सीटमधून. माझ्या तोंडून किंचाळीच निघाली, "अवो, थरथरून राहिली!" ह्यांनी मागे न पाहता म्हटलं, "गाडी नाही वं. तू थरथरून राहिली." खरंच होतं. माझेच गुडघे होते ते.

अजनीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. जिथे ती मेली होती, बरोबर तिथेच थांबलो. मला देवाचं नाव आठवेना. ह्यांनी काच खाली केली, मान तिरपी केली, आणि दर थोड्या वेळाने सांगत राहिले, "चालू आहे. चालू आहे, उन्नती. चालू आहे." पुढची गाडी सरकली. आम्ही सरकलो.

दवाखान्यात तिला लगेच आत नेलं. मी सह्या केल्या, कुठे केल्या ते मला आठवत नाही. डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या, ऑपरेशन करतोय. दार बंद झालं. मी वळून पाहिलं तर हे नाहीत. पोरगी आत मरणाच्या दारात आणि बाप बेपत्ता! त्या बाकावर मी एकटी बसले आणि इतकी भ्यायले की त्या भीतीचा राग झाला, आणि तो सगळा ह्यांच्यावर. तेवढ्यात नर्सने येऊन चिठ्ठी दिली. ठेवलेल्या पिशव्या पुरणार नाहीत, आणखी रक्त आणा, लवकर.

मी चिठ्ठी आणि नमुन्याची नळी घेऊन बाहेर पळाले. हे फाटकाबाहेर गाडीत बसलेले. गाडी चालू. चौकीदार काचेवर टकटक करून सांगत होता, बंद करा, आणि हे नाही म्हणून मान हलवत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी चिठ्ठी ओढून घेतली, वाचली, आणि गेले. परत आले तेव्हा पेटी माझ्या हातात दिली आणि पुन्हा स्टिअरिंगमागे बसले. "आत चला ना," मी म्हटलं. "तू जा. अजून काही लागलं त?" इंजिन चालूच होतं.

मग पुन्हा ते दार. पुन्हा तो बाक. प्रीतमचा फोन यायचा, आणि सांगायला माझ्याकडे काही नसायचं. सगळे देव आळवून झाले. शेवटी मी, कधी न पाहिलेल्या माझ्या सासूला म्हटलं, एवढीला ठेवा.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचा मास्क गळ्यात होता. मुलगी झाली होती. थोडी आधी आली म्हणून काचेच्या पेटीत ठेवणार होते, पण रडली जोरात. उन्नतीचा रक्तस्राव थांबला होता. थोड्या वेळाने मला तिला पाहू दिलं. तिने माझ्याकडे पाहून ओठ हलवले. मी कान जवळ नेला. "बंद नाही ना पडली?"

बाहेर आले तर चौकीदारच सामोरा आला. "मावशी, काकांले सांगा ना जरा. कव्हाची चालू ठेवून बसले आहे." मी शेजारचं दार उघडून आत बसले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात स्टिअरिंगवर, नखांत अजून रविवारचं ऑइल, गळ्यात माझा मफलर.

"मुलगी झाली," मी म्हटलं. "दोघी बऱ्या आहेत. उन्नती बोलली माझ्याशी."

ते समोरच्या रस्त्याकडेच पाहत होते. ऐकू गेलं की नाही ते मला कळेना. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "बंद करा आता."

त्यांनी चावी फिरवली. एकदम शांत झालं. रस्त्यावरचे आवाज ऐकू यायला लागले. आणि आता, सगळं होऊन गेल्यावर, त्यांचा हात चावीवरून निघेना.

"शोभा," ते म्हणाले, "एकडाव लावून पाहू का वं?"

एरवी मी काय बोलले असते ते त्यांना पाठ आहे. "पाहा," मी म्हटलं.

पहिल्याच चावीत गाडी लागली. "लागली," ते म्हणाले, "लागली, माय." ते माझ्याशी बोलत नव्हते.